आमची झेरॉक्सवाली

आमच्या घरात कोणताही कागद एकटा राहत नव्हता. रेशनकार्ड घ्या, सातबारा घ्या, लाइटचं बिल घ्या, त्याची जुळी भावंडं घरभर लपलेली असायची. एक लोखंडी पेटीत, एक ज्वारीच्या कोठीत प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून, एक शेजारच्या शकुबाईकडे आणि एक अंगावर. हा सगळा कारभार माझ्या बायकोचा. आमच्या धनज गावात तिला नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. कारंज्याच्या बाजारात मेथी-पालक विकायला जायची आणि येताना काही ना काही झेरॉक्स करून आणायची, म्हणून सगळे तिला झेरॉक्सवाली म्हणायचे. मीही म्हणायचो. तिला राग येत नव्हता. "म्हना," म्हणायची, "कागद हरपला की माह्याच दारात येता."

हे खूळ तिच्या डोक्यात शेळीनं घातलं. पोरीला नर्सिंगला घालायचं होतं. तिच्या जातीच्या दाखल्यावर माझ्या हातून चहा सांडला म्हणून तो बाजेवर वाळत घातला, आणि शेळीनं तो शिक्क्यासकट खाल्ला. नवा दाखला काढता काढता तहसीलच्या इतक्या चकरा झाल्या की तिथला शिपाई मला जावयासारखा चहा विचारायला लागला. कसाबसा दाखला मिळाला, पोरगी नर्सिंगला लागली. मी रागानं शेळी विकायला काढली तर बायको म्हणाली, "तिले कायले इकता? तिनं तिचं काम केलं. आपन एकच कागद ठेवला, ते चुकलं." मग तिचं एक वचनच होऊन गेलं. सारखं म्हणायची, "मानूस हरपलं तं इचारत इचारत घरी येते. कागद येत नाई."

पोरगी कमावती झाली आणि तिनं आमची दोघांची नावं विहारातल्या मंडळासोबत श्रीलंकेच्या यात्रेला घातली. मी चौथी शिकलेला, अकोल्याच्या पुढं कधी गेलो नव्हतो. पासपोर्ट घरी आले तेव्हा मी माझा फोटो पाहत बसलो. चोरासारखा आला होता. बायकोनं पुठ्ठा दाबून पाहिला. "शेळीच्यानं हे चाववनार नाई," म्हणाली. तरी दुपारच्या बसनं कारंज्याला गेलीच.

तिचे कायदे कडक होते. मूळ एकीकडे, कापी दुसरीकडे. "दोन्ही एका पिशवीत ठेवनं म्हनजे कुलपाले किल्ली बांधून ठेवनं." पोरीनं मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तेही तिनं काढू दिले. "पन बॅटरी गेली की तुहा पासपोर्ट झोपला," एवढं ऐकवलं. मग माझ्या बंडीला आतून चोरखिसा शिवला. त्यात माझी कापी असेल असं मला वाटलं. पाहतो तर तिची. माझी कापी तिनं स्वतःच्या परकराच्या खिशात ठेवली होती.

मी म्हणालो, "उलटं झालं."

"सुलटं हाय," ती म्हणाली. "मी हरपली तं माही ओळख तुमच्यापाशी पायजे. माह्यासंगच हरपली तं काय कामाची?"

असं हे माणूस. आणि पासपोर्ट हरवले कोणी? तिनंच.

अनुराधपूरच्या बोधिवृक्षाला वंदन करायचं आणि जवळच्या एका विहारात भंतेंना चीवर, म्हणजे त्यांचं अंगावरचं वस्त्र, दान करायचं, असा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. टूरवाला म्हणाला, पिशव्या बसमध्ये ठेवा, पासपोर्ट अंगावर ठेवा. पांढऱ्या साडीत ते जाड पुठ्ठे ठेवायचे कुठं? परकराच्या खिशात ते टोचत होते. हॉटेलच्या कपाटावर तिचा भरवसा नव्हता. म्हणून तिनं दोन्ही पासपोर्ट दानाच्या चीवराच्या घडीत ठेवले. चीवरं दोन होती, म्हणून एकात एक, दुसऱ्यात एक. एका जागी ठेवतील त्या आमच्या बाई कसल्या? मला म्हणाली, "चीवराले कोन हात लावते? द्याच्या टायमाले काढून घेईन."

मग वंदना सुरू झाली. ती वंदनेला बसली की डोळे मिटायची आणि घर, दार, नवरा, सगळं विसरायची. तिची पाळी आली तशी ती उठली, दोन्ही चीवरं दोन्ही हातांनी भंतेंना दिली, तीनदा साधू म्हणाली आणि रडत रडत बाहेर आली. मलाही भरून आलं. पासपोर्टची आठवण आम्हा दोघांपैकी एकालाही आली नाही.

बस बरीच पुढं गेल्यावर ती गप्प झाली. आमची बाई गप्प झाली म्हणजे काहीतरी बुडालं असं समजायचं.

"अवो," ती म्हणाली, "मी आपल्याले दान करून आली."

टूरवाल्यानं कपाळाला हात लावला. पासपोर्टाशिवाय विमानात घेत नाहीत, पोलिसांत जावं लागेल, मग वकिलातीत, किती दिवस लागतील सांगता येत नाही, बाकीची माणसं थांबणार नाहीत. मंडळाच्या अध्यक्षीण बाई म्हणाल्या, "झेरॉक्सवाली असून असं कसं वं?" टूरवाल्यानं बस वळवली.

विहारात पाहतो तर चीवरांचा ढीग. त्या दिवशी किती गावचे लोक दान देऊन गेले होते कोण जाणे, आणि सगळी एकाच रंगाची. टूरवाला इंग्रजी बोलायला लागला, पण दाराशी बसलेल्या भंतेंना ते येत नव्हतं. आम्हाला सिंहली येत नव्हती. दोन्हीकडं सारखं येत होतं ते त्रिशरण पंचशील, आणि त्यात पासपोर्टचा विषय नाही.

तेव्हा तिनं सगळ्यांसमोर माझा सदरा वर केला, बंडीची शिवण दातानं तोडली आणि आपली कापी काढली. भंतेंसमोर धरली. कापीवरच्या फोटोवर बोट, मग स्वतःच्या तोंडावर बोट, मग पदराची घडी घालून आत हात. भंतेंनी कापी पाहिली, तिला पाहिलं, आणि हसत सुटले. आतून चार-पाच भंते बोलावले. सगळे चीवरं झटकायला बसले.

माझा पासपोर्ट लवकर निघाला. तिचा निघेना. ढीग संपत आला.

टूरवाला म्हणाला, "काका, तुम्ही तरी बसमध्ये बसा."

ती मला म्हणाली, "तुमी व्हा पुढं. मी येईन मागून. कापी हाय माह्यापाशी."

"मी नाई जात."

"काहून? तुमची जागा हाय ना इमानात."

"बाजूची जागा कोनाले देऊ?" मी म्हणालो आणि तिथंच फरशीवर मांडी घालून बसलो. हट्ट मला तेवढाच चांगला जमतो.

शेवटी एका लहान वयाच्या भंतेंना काही आठवलं. एक म्हातारे भंते आजारी होते, त्यांना एक नवं चीवर आल्या आल्या नेऊन दिलं होतं. त्यांनी ते घडीसकट उशाला घेतलं होतं. त्यांच्या मानेखालून माझी बायको निघाली. म्हाताऱ्या भंतेंनी तो पासपोर्ट दोन्ही हातांनी तिच्या पदरात घातला, जसं तिनं दान दिलं होतं तसंच, आणि सगळे साधू साधू म्हणाले. बसमध्ये ती म्हणाली, "देल्लेलं दान वापस आननारी मी पयलीच असन." मग आपल्या जागेवर बसून बंडीची शिवण पुन्हा घातली. सुई तिच्या अंबाड्यातच होती.

मागच्या वर्षी ती गेली. आजार लांबला नाही. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं रिपोर्ट मागितला तर उशीखालून दोन काढून दिले. "एक तुमाले ठेवा," म्हणाली. तिकडं श्रीलंकेत म्हणाली होती, तुम्ही पुढं व्हा, मी मागून येईन. झालं उलटं. आणि या वेळी माझं फरशीवर बसणं काही कामाला आलं नाही.

परवा पोरगी म्हणाली, "बाबा, गेलेल्या माणसाचा पासपोर्ट जमा करून रद्द करून घ्या लागते. द्या, मी नेते."

मी म्हणालो, "थांब. आधी झेरॉक्स काढू दे."

"रद्द होनाऱ्या पासपोर्टची?"

"तुह्या मायले इचार."

बसनं कारंज्याला गेलो. दुकानदार ओळखीचा. पासपोर्ट उघडून फोटो पाहिला आणि मशीन सुरू करायचं विसरला. मग म्हणाला, "बाबाजी, किती कापी?"

"चार."

एक पेटीत ठेवली, एक ज्वारीच्या कोठीत, एक शकुबाईला नेऊन दिली. शकुबाईनं काही न विचारता डब्यात टाकली. चौथीसाठी बंडीचा खिसा उसवून मीच पुन्हा शिवला. वाकडातिकडा झाला, बोटाला सुई टोचली, पण कापी आत बसली. तिची ओळख माझ्यापाशी पाहिजे, असं ठरलेलं आहे. कागद सगळे आपापल्या जागी आहेत. दाराची कडी मी दिवसा लावत नाही. इचारत इचारत कोणी आलंच तर अडायला नको.