तान्ह्याचा कडक उपास

आमच्या गुरुवारच्या मंडळात पोथी वेळेवर संपते, गप्पा संपत नाहीत. त्यात कुणाकडे बाळंतपण असलं की किस्से निर्माल्यासारखे रोज साचतात. यंदा बाळंतपण माझ्याच घरी. लेक माधुरी अमरावतीहून अकोल्याला माहेरी आलेली. नातू वजनाला फारच कमी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको!" माधुरीनं मनावर घेतलं. मंडळानं मात्र नाही!

*

आईच्या दुधावर संशोधन करणाऱ्या एक मॅडम मंडळात आल्या. नातू शाळेत जाणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंना विचारलं, "तुमच्या नातवाला पहिले सहा महिने दुधाशिवाय काय दिलं?"

"काहीच नाही!"

"मध?"

"थो तं चाटवला. थे काय खाणं हाय?"

"घुट्टी?"

"थे औषध."

"पाणी?"

जाऊबाई दुखावल्याच. "पाणी कायले देऊ बाप्पा? तीर्थ होतं थे!"



*

माधुरीचे सासरे वकील. बाळ रडलं की निकाल तयार, "दूध पुरून नाही राहिलं!" एकदा पावडरचा डबाच घेऊन आले. मी पाहते तर झबल्याची गाठ मानेला टोचत होती. सोडली, बाळ गप्प!

मंडळातल्या भाजीवाल्या शांताबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमी तं कोर्टात रोज ओरडता. तुमाले कोनं बाटली देल्ली काय?"

*

मंडळानं स्तनपानावर भाषण ठेवलं. वक्ते मोठे. 'आईचं दूध हेच अमृत' सांगून सांगून त्यांचा घसा सुकला. मागे शांताबाईंच्या सुनेचं बाळ भुकेनं कुरकुरलं, तिनं पदराखाली घेतलं. वक्ते थांबले. "ताई, ते जरा बाहेर जाऊन करा ना!"

शांताबाई उठल्या. "चाल वं पोरी. अमृत बाहेर, अंदर नुसतं भाषण!"

*

इकडे जाऊबाई मधाची वाटी घेऊन पाळण्याभोवती फिरू लागल्या. माधुरी रडकुंडीला आली. "आई, तू काही बोल ना!"

मोठ्या जावेला मी काय बोलणार? शिवाय साबुदाणा, शिंगाडा, केळी, वर दोनदा चहा रिचवून 'आज काही खाल्लं नाही' म्हणणाऱ्या आम्ही! शेवटी देवानंच सुचवलं. म्हटलं, "जाऊबाई, बाळाचं व्रत आहे. निर्जळी. सहा महिन्यांनी उद्यापन."

"माय वं! मंग आधी काहून नाही सांगतलं?" वाटी पदराआड गेली.

तेव्हापासून पाळण्याला जाऊबाईंचा पहारा. वकीलसाहेबांचा डबा दारातूनच परत!

*

उष्टावणाच्या आदल्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या. गुटगुटीत नातू मांडीवर घेऊन त्यांनी प्रश्न सुरू केले.

"पाणी?"

"निर्जळी!" जाऊबाईच पुढे.

"मध, घुट्टी?"

"नावबी नका काढू!"

मॅडमनी पाळण्याशेजारची डॉक्टरीणबाईंनी दिलेली छोटी बाटली उचलली. "आणि हे व्हिटॅमिनचे थेंब?"

जाऊबाईंनी बाटली निरखून पाहिली. मग ठामपणे म्हणाल्या, "थे चालते मॅडम. फराळाचे हायेत!"