थर्माकोलचे पंख

माझी चुलत बहीण माझ्याहून अकरा दिवसांनी लहान. त्या अकरा दिवसांपुरती काय ती मी थोरली, बाकी सगळ्यात तीच पुढं. रांगोळी तिची, मेंदी तिची, गावात कुणाच्या रुखवतावर काही करायचं असलं की बोलावणंही तिलाच. पलूसजवळच्या आमच्या गावात घर एकच, मधे एक भिंत घातलेली. तिचं कौतुक सुरू झालं की ते भिंतीपलीकडनं मला ऐकू यायचंच. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. अजूनही होतो, खोटं कशाला बोलू?

कॉस्प्लेचं खूळ मात्र आधी माझ्या डोक्यात शिरलं. सांगलीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मी मोबाइलवर जपानी कार्टूनमधल्या योद्ध्यांसारखी नटलेली पोरंपोरी बघितली आणि वेडीच झाले. मग कळलं, कराडला तशी स्पर्धा आहे. अट एकच, वेश स्वतःच्या हातानं केलेला पाहिजे. मी हिला सांगितलं, तेही मिरवायला. तर ही म्हणाली, "लय भारी गं! मीपण येणार." झालं! एक गोष्ट माझी एकटीची होती, तीपण गेली.

स्टँडामागं कुठलीही वस्तू एकोणपन्नास रुपयांना देणारं दुकान होतं. आम्ही तिथं दोघी गेलो. मी फोमच्या दोन मॅट घेतल्या, चिलखतासाठी. तिनं प्लास्टिकची मोठी चाळण उचलली, उलटी करून डोक्यावर धरली आणि म्हणाली, "हे बघ शिरस्त्राण." आणि मेलं ते खरंच शिरस्त्राण दिसायला लागलं. तीच चाळण मी तिच्याआधी दोनदा हातात घेऊन परत ठेवली होती. येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. ती आपली पिशवीतनं चाळण काढून बघत, हसत बसलेली.

पुढचे पंधरा दिवस ती सोप्यात बसून थर्माकोल कोरत होती. पंख. एकेक पीस वेगळं, भाजी चिरायच्या सुरीनं कोरलेलं, वर जुन्या काचपेपरनं घासलेलं. माझ्या चिलखताचे खांदे भिंतीअलीकडं तयार होत होते आणि घमेल्यासारखे दिसत होते. काकी, म्हणजे तिची आई, येता जाता म्हणायची, "बहुरूपी व्हायला निघालाय काय गं दोघी?" पण पंखांपाशी आली की थांबून बघायची. माझ्या खांद्यांपाशी कुणी थांबलं नाही.

आता खरं सांगते. चप्पल चिकटवायचं सोल्यूशन असतं ना, ते थर्माकोल खातं. मला हे माहीत होतं. स्पर्धेच्या दहा दिवस आधी मी थर्माकोलचाच मुकुट करून बघत होते. सोल्यूशन लावलं तर तो बोट घातल्यासारखा आत गेला. मी तो तुकडा परड्यात पुरला आणि कुणाला काही बोलले नाही.

स्पर्धेला तीन दिवस होते. दुपारी तिनं मला हाक मारली, "ये की जरा, पंख धर. सगळी पिसं आज चिकटवून टाकते." हातात तोच डबा. मी पंख धरला. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. मी नाही उघडलं. तिनं ब्रश बुडवला आणि बुंध्यापासनं टोकापर्यंत भराभर फिरवत नेला, दुसऱ्या पंखालाही. मग बुंधा आत बसायला लागला. खड्डे पडले, पिसं वितळून एकमेकांत गेली. "आगं, हे काय हुतंय?" ती ओरडली. मी म्हणाले, "अगं बाई!" इतकं खोटं मी आयुष्यात बोललेली नाही.

ती रडली. ज्याची मी वाट बघत होते ते हेच, आणि मला बरं वाटलं. साधारण पाच मिनिटं.

मग तिनं नाक पुसलं, उठली आणि म्हणाली, "जाऊ दे. माझं आता हुणार न्हाई. तुझं तर नीट करूया. आण तुझे खांदे." दोन दिवस ती भिंतीअलीकडं आमच्यात येऊन त्या घमेल्यांवर खपली. सोल्यूशन नाहीच लावलं. बैलाची झूल शिवतात तसं दाभणानं आणि सुतळीनं फोम टाचला, बेंदराला बैलांच्या शिंगांना लावून उरलेली सोनेरी बेगड मैद्याच्या खळीनं वर चढवली, कडेला झुलीचे लाल गोंडे. वर आपली चाळणही माझ्या डोक्यावर बसवली. मी नुसती सुतळी ओवून देत होते.

कराडला पोरंपोरी माझ्याभोवती जमली. विकत आणल्यासारखे चकचकीत वेश घातलेलेसुद्धा माझ्या खांद्यांना हात लावून बघत होते. परीक्षक बाईंनी माइक पुढं केला. "फारच सुंदर. हे खांदे कुणी केले?"

ती पहिल्या रांगेत बसली होती.

"मीच," मी म्हणाले.

तिनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. सगळ्यात मोठी शिट्टी तिची. माझा पहिला नंबर आला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या पुढं गेले आणि मला तिचा एवढा हेवा कधीच वाटला नव्हता. माझ्या जागी ती असती आणि खाली मी, तर मी शिट्टी मारली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीनं पोहे केले. माझी बक्षिसाची ढाल भिंतीला टेकवून ठेवलेली. काकीनं ती निरखून बघितली आणि लेकीला म्हणाली, "शिक जरा हिच्याकडनं. तू बसलीस पंधरा दिस थर्माकोल कोरत, आणि त्याचं पाणी केलंस."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली, "शिकते."

मी खाली मान घालून पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत राहिले. खरं तर मला शेंगदाणे आवडतात.