चंद्रमौळीरावांनी निवडलेले कोयते

मद्रासच्या एका सर्वेक्षण कचेरीत चंद्रमौळीराव भांडार सांभाळत. डोंगरात जाणाऱ्या तुकड्यांना तंबू, कंदील, दोरखंड आणि कोयते पुरवायचे, हे त्यांचे काम. स्वतः त्यांनी गिंडीच्या उद्यानातल्या हरणांपलीकडचे रान पाहिले नव्हते, आणि पाहायची इच्छाही कधी बोलून दाखवली नव्हती.

एकोणीसशे साठच्या सुमारास जवादीच्या डोंगरात जाणाऱ्या तुकडीत त्यांच्या जावयाचे, बाळकृष्णाचे, नाव लागले. मुलगी तुळसी माहेरी येऊन राहिली. मागच्या तुकडीतल्या एकाच्या कोयत्याचे पाते मुठीतून निसटून त्याच्याच पायात घुसले होते, हे खरे का, एवढेच तिने विचारले. खरे होते. ते घरात जेवताना सहज सांगून टाकणारेही चंद्रमौळीरावच होते.

या खेपेला त्यांनी कोयते स्वतः पारखायचे ठरवले. त्यांच्यासारख्या तंजावरी मराठी माणसाच्या लेखी वस्तू पारखायची म्हणजे ती स्वयंपाकघरात न्यायची. ब्रॉडवेवरच्या दुकानातून तीन नमुने घरी आले. त्यांच्या पत्नी त्रिपुरसुंदरीबाईंनी तिन्हींनी सुरण चिरला, केळीचा गाभा चिरला, फणसही फोडला. दोन जाड कोयते मागे पडले. तिसरा पातळ, लखलखीत, हातात पिसासारखा. त्याने सुरणाच्या फोडी अशा पडल्या की सांबार खाताना बाळकृष्णानेही दाद दिली. चंद्रमौळीरावांनी मनाशी पक्के केले, हाच.

दुसऱ्या दिवशी बाईंना नारळ फोडायचा होता. घरचा कोयता सापडेना, म्हणून त्यांनी निवडून आलेला उचलला आणि रीतीप्रमाणे पात्याच्या पाठीने नारळावर घाव घातला. नारळ तसाच राहिला. पाते झिणझिणले, मूठ सैल झाली आणि बाईंचे मनगट मुरगळले.

मनगट चोळत त्या म्हणाल्या, "हे पाहा, याने नारळ फुटत नाही. तुमचा जावई तिथे सुरण चिरायला जातो का?"

चंद्रमौळीराव उठले. कोट चढवला, पिशवीत सोललेले नारळ भरले आणि गिंडीला गेले. तिथे एक आसारी लोहार मोडक्या लॉरीच्या कमानीचे पोलाद तापवून अरुवाळ, म्हणजे पुढे आकडीसारखे वळलेले जड कोयते, घडवत असे. चंद्रमौळीरावांनी एकेकाच्या पाठीने नारळ फोडायला सुरुवात केली. पाणी धोतरावर उडत होते. आसारी बराच वेळ पाहत राहिला.

शेवटी त्याने विचारले, "सामी, कुठल्या देवाला?"

"जावयाला," चंद्रमौळीराव म्हणाले.

एका घावात नारळ फुटला, तळव्याला झिणझिण्या आल्या नाहीत आणि मुठीतून आरपार काढून टोकाला ठोकलेले पात्याचे पोलाद हलले नाही, तेच कोयते त्यांनी बाजूला काढले. घरी पुढचा आठवडाभर प्रत्येक पदार्थात खोबरे होते.

बाळकृष्ण परतला तो काळवंडून, वाळून. ओढ्याला पूर आल्याने तुकडी पलीकडे अडकली होती, हे त्याने ओसरीवर बसून सांगितले. बांबू तोडून, काटेरी जाळी आकडीने ओढून त्यांनी आडोसा उभा केला आणि पाणी ओसरेपर्यंत त्यातच राहिले. तुळसी दाराआड उभी राहून ऐकत होती.

चंद्रमौळीरावांनी कोयता मागून घेतला. धारेवरून अंगठा आडवा फिरवला, मूठ हलवून पाहिली. मग जावयाला हात पुढे करायला सांगितले. त्याच्या तळव्यावरचे घट्टे त्यांनी तितक्याच सावकाश चाचपले, एकेक बोट दुमडून पाहिले.

"मामा, ते पण भांडारात जमा करायचे का?" बाळकृष्ण म्हणाला.

चंद्रमौळीराव हसले नाहीत. कोयता त्या हातात परत देऊन त्यांनी दाराकडे तोंड केले.

"तुळसी," ते म्हणाले, "दोन्ही शाबूत आहेत."