घशात बाठा नव्हता

आमच्या घराण्यात माझी एक ख्याती आहे. लहानपणी मी मामाच्या बैलाच्या घशातून आंब्याचा बाठा काढला होता. खरं तर काढला मामाने, मी फक्त शेपूट धरलं होतं. पण सांगता सांगता इतक्या वर्षांत मी शेपटाकडून तोंडाकडे सरकलो.

त्याच ख्यातीपायी मे महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, शेजारच्या काकी आमच्या कुंपणाशी आल्या.

"जरा येतोस? गाय कालपासून काय खात नाय. घशात बाठा आडकलाय वाटतं."

आठवडाभर बोईसरच्या कारखान्यात मी फायली सांभाळतो. पण बाही वर करून असा निघालो, जसा जनावरांचा डॉक्टरच.

गाय मान ताणून उभी होती. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. ही गाय एरवी परक्याला जवळ येऊ देत नसे. मी कोपरापर्यंत हात घातला तरी हलली नाही. आत सगळं ऊन, चिकट. बाठा नव्हता. मी हात काढला आणि ती हंबरली. तो आवाज गायीचा नव्हता. गायीच्या आत बसून कोणीतरी तिची नक्कल करत होतं.

घरी आलो तर बायकोने दारातच अडवलं. लाळेने माखलेला हात बघून तिने लगेच फोन उचलला. तिच्या बीपीच्या गोळ्या फोनवरची डॉक्टरीणबाई लिहून देते. चिंचणीहून लांब जायला नको, म्हणून व्हिडिओवरच तपासणी.

"गायीसाठी माणसांचा डॉक्टर?" मी म्हणालो.

"गायीसाठी नाही. तुमच्यासाठी."

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. मी बाठ्याचा प्रसंग रंगवून सांगू लागलो. तिने मधेच थांबवलं. "मला गाय दाखवा. लांबूनच."

मी फोन घेऊन गोठ्याच्या दाराशी उभा राहिलो. ऊन असं की सावल्याही दिसत नव्हत्या आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गायीने पडद्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. पडद्यावर डॉक्टरीणबाईची पापणीही हलेना. मला वाटलं, नेटवर्क गेलं. पण तिच्यामागचा पंखा फिरत होता.

"हातावर जखम आहे?" शेवटी तिने विचारलं.

"छे."

"खोटं," मागून बायको म्हणाली. "सकाळी चिंबोरी साफ करताना तिने नांगीत बोट धरलं. आख्खी आळी गोळा केली होती यांनी."

बोट पडद्यासमोर धरलं. डॉक्टरीणबाई हसली नाही. म्हणाली, गायीला रेबीज असावा असं वाटतंय. पिसाळलेला कुत्रा चावला असेल, कुणाला कळलंही नसेल. गाय चावायलाच हवी असं नाही, चिरलेल्या बोटाला तिची लाळ पुरते. आत्ता नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायचा आणि आजच्या आज सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू करायची. "लक्षणं दिसल्यावर मग उपाय नाही," ती शांतपणे म्हणाली. मी ज्या दारात टेकलो, ते गोठ्याचं आहे हेही विसरलो.

"दूध कोण पितं तिचं?"

"आटलीय ती," माझ्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या काकी म्हणाल्या.

"आणखी कोणी हात लावलाय?"

काकींनी हात पदराखाली घेतले. गवत कापून त्यांची बोटं कायम चिरलेली, आणि कालपासून त्याच बोटांनी त्या गायीचं तोंड पुसत होत्या.

"मी नाय येत दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "माझी गाय मला काय करायची नाय. फोनातल्या पोरीला काय ठावं?"

पोरीने सगळं ऐकलं. "काकी, तुम्ही हाक मारली की ती बघते?"

"रस्त्यावर असली तरी धावत येते."

"मग इथूनच मारा."

काकींनी हाक मारली. गायीचा कान हलला. मग तिने सावकाश मान वळवली, काकींकडे नाही, गोठ्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे. काकींनी पुन्हा हाक मारली, जरा हळू. गाय त्या कोपऱ्याकडेच बघत राहिली, आणि आवाज न काढता तिचं तोंड हंबरल्यासारखं उघडत मिटत राहिलं.

मी नळाखाली हात धुवायला लागलो. काकी मागोमाग आल्या आणि माझ्या हातातला साबण काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी गाय गेली. आमची इंजेक्शनं ठरल्या दिवशी होत राहिली. पहिल्या खेपेला औषध थेट बोटातल्या जखमेत टोचलं, तेव्हा मी काढलेला आवाज काकी अजून सगळ्यांना करून दाखवतात. डॉक्टरीणबाई दर खेपेला फोनवर चौकशी करायची. शेवटच्या सुईनंतर म्हणाली, वेळेत आलात, आता घाबरू नका.

त्या दिवशी रिक्षातून परतताना काकींनी विचारलं, "ती कोपऱ्यात काय बगत व्हती रे?"

"मेंदूला सूज आली की असं होतं, काकी."

"ते त्या पोरीनं सांगितलं. मी इचारते, काय बगत व्हती?"

गोठ्यापाशी रिक्षा थांबली. मी आधी उतरलो, गोठ्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि काकींना उतरायला हात दिला.