दोन बारांमधला वेळ

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर मामाजींना त्याचा संशय आधीच आलेला असेल. आमची पहिली भेट माझ्या लग्नात झाली. मी बोहल्याकडे निघालो होतो. गर्दीतून एक उंच, वाळका माणूस पुढे आला, माझा उजवा हात हातात घेऊन त्यानं बोटं एकेक करून उलटसुलट पाहिली, आणि शेजारच्या माणसाला सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाला, "पोरगा मास्तर हाय म्हनते. मंग बोटाले खडू काऊन नाई?" लग्नासाठी मी पंधरा दिवस रजेवर होतो, हे माझ्या सासऱ्यांना भर मुहूर्तावर समजावून सांगावं लागलं. मामाजींनी ते ऐकून घेतलं, पण पटलं असं म्हणाले नाहीत. पुढे मी सिंदी मेघेला घर बांधलं, शाळेतून निवृत्तही झालो; तरी मी खरोखर मास्तर होतो याबद्दल त्यांच्या मनात थोडी जागा रिकामीच असावी, असं मला वाटत आलं आहे. फोन आला तर ते कानाला लावून गप्प उभे राहतात. पलीकडचा माणूस तीनदा हॅलो म्हणाला की विचारतात, "तुम्ही जवाईबापूच कशावरून?" मग मला आमच्या फाटकाचा रंग सांगावा लागतो. परवा फाटक रंगवून घेतलं तर बायको पहिल्यांदा म्हणाली, "मामाजींना कळवलं का?"

मामाजींचं गाव आर्वीच्या पुढे, एसटीनं अर्ध्या तासावर. त्यांच्या वावराचा एक धुरा, म्हणजे बांध, थेट जंगलाला लागतो, त्यामुळे चण्याला घाटे धरले की रोही म्हणजे नीलगायी, रानडुकरं आणि चितळं सगळी मामाजींकडे पंगतीला. या पाहुण्यांसाठी घरात आजोबांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक होती, आणि पीक राखण्यासाठी तिचा रीतसर परवानाही होता. आमच्या पिढीनं काडतुसाची बंदूक निदान सिनेमात पाहिली आहे; ठासणीच्या बंदुकीचं तसं नव्हे. तिला जे काही भरवायचं ते तोंडातून. आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग लोखंडी गजानं ठासणं, आणि शेवटी मागं घोड्याखाली एक चिमुकली टोपी बसवायची. ठिणगी तिच्यातून निघते. मामाजी छर्रे कधी भरत नसत. नुसती दारू आणि चिंधी. "जनावर भेलं पाह्यजे, मेलं नाई पाह्यजे," असं त्यांचं साधं गणित. कायदाही तेच सांगतो, पण कायद्याचा हवाला त्यांनी कधी दिला नाही. कायद्यावरही त्यांचा पुरता भरवसा नसावा.

मात्र एक बार काढल्यावर दुसरा बार भरेपर्यंत मामाजी जे करत ते पाहायला मी मुद्दाम वावरात जाऊन बसत असे. पहिला बार झाला की रोह्यांचा कळप उधळून नाल्यापलीकडे जाई. इकडे मामाजी धुऱ्यावर मांडी घालून बसत. पहिली चिंधी ओली. ती गजाला गुंडाळून नळीच्या तळापर्यंत घालायची, फिरवायची, काढायची आणि उन्हात धरून तिच्याकडे एखाद्या साक्षीदाराकडे पाहावं तसं पाहायचं. मग कोरडी. मग आणखी एक कोरडी, कारण पहिलीनं खोटं सांगितलं असू शकतं. मग टोपी बसते त्या बारीक भोकात सुई घालायची, तोंड लावून फुंकायचं, आणि हवा नळीच्या तोंडाशी निघते का ते तळहातावर घेऊन बघायचं. त्यानंतर पितळी मापानं दारू. ती ओलावली तर नाही ना, म्हणून चिमटीत धरून चुरायची. नंतर बोळा, नंतर गज. गजावर त्यांनी कानसीनं एक खूण केली होती, तिथवर गज आत गेला की दारू बरोबर बसली. ही खूण ते तीनदा बघत. दोनदा चष्मा लावून आणि एकदा काढून. तोवर रोही परत आलेले असत. आलेलेच नव्हे, तर चण्याच्या दोन-तीन ओळी चरून, त्यातला मोठा नर मान वर करून, झालं का तुमचं, अशा नजरेनं मामाजींकडे बघत उभा असे. एकदा मी न राहवून म्हणालो, "मामाजी, एखादी चिंधी कमी केली तर नाही का चालणार?" त्यांनी गज थांबवला. "घाईवर माया भरोसा नाई," एवढंच म्हणाले आणि आणखी एक चिंधी घेतली.

या चिंध्यांपायी मामींचा जीव मेटाकुटीला आला होता. चिंधी मऊ मलमलीची लागे. टेरिकॉट जळतं, वितळतं आणि नळीला चिकटून बसतं, सबब ते घराण्याचा वैरी. त्यामुळे मामाजींची जुनी धोतरं तर गेलीच, मामींच्या दोन साड्याही त्याच वाटेनं गेल्या. मी दिवाळीला चांगलं धोतर नेलं तर त्यांनी ते अंगठ्यानं चोळून पाहिलं आणि मनापासून म्हणाले, "वा! चिंधी मस्त होईन याची."

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात आम्ही दोघं तिकडे राहायला गेलो होतो. रविवारी उजाडता उजाडता मामाजी बंदूक घेऊन वावरात गेले. मी पांघरुणात होतो. थोड्या वेळानं एक बार ऐकू आला, ओळखीचा, जाड आवाजाचा. मला डुलकी लागली. त्यानंतर किती वेळ गेला सांगता येत नाही, पण पुन्हा आवाज झाला. धाड, धाड. लागोपाठ दोन. त्याच दिशेनं. मी उठून बसलो. दिवस वर आल्यावर मामाजी परतले. अंगणातल्या चुलीवर त्यांनी काळा पडलेला, पातेल्यासारखा मोठा गंज चढवला, वर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "या गंजाले कोनी हात लावू नोका." मग बंदुकीसह आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

इतक्यात शेजारची म्हातारी फाटकातूनच ओरडली, "बाई वो, तुमच्या वावराच्या नाल्यात चितळ मरून पडलं! जंगलवाल्याले फोन गेला म्हनते!"

मामी माझ्या बायकोला घेऊन देवळात गेल्या होत्या. अंगणात मी, चूल आणि तो गंज. मी शपथेवर सांगतो, तीस वर्षांत या माणसानं मुंगी मारलेली मी पाहिली नव्हती. तरी मी मनात हिशेब मांडला. गावात बंदूक एकच. जागा त्यांचीच. माणूस दार लावून आत. आणि समोर गंज खदखदतोय. मी आजूबाजूला पाहिलं, चिंध्यांवरून केलेल्या सगळ्या थट्टा आठवून स्वतःची लाज वाटली, आणि तरीही झाकण उचललं. आत चिंध्या शिजत होत्या. रिठ्याच्या पाण्यात, फेस येऊन, पंधरा-वीस काळ्या चिंध्या. मी झाकण ठेवून दिलं आणि चुलीपासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिलो.

दहाच्या सुमाराला वनखात्याची जीप आली. वनपाल तरुण होता, बरोबर दोन गार्ड आणि गावचा पोलीस पाटील. अर्धं गाव मागोमाग. मामाजी बाहेर आले आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, "कार्ड दाखवा." वनपालानं ओळखपत्र दिलं. मामाजींनी ते लांब धरलं, जवळ धरलं. "फोटोत मिशी हाय. तुमाले नाई."

"काढली, काका."

"काऊन काढली?"

वनपालाचा हात नकळत ओठावर गेला. मग त्यानं बंदूक मागितली. नळीला नाक लावलं, बॅटरी टाकली, करंगळी फिरवली. बंदूक आरशासारखी. "आज चालवली होती?"

"चालवली ना. सकायी एक बार काढला."

"मग दारूचा वास कसा नाही?"

"साफ केली. आताच झाली."

"इतक्या तातडीनं?" वनपालानं पाटलाकडे पाहिलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. जन्मभर ज्या सफाईला गाव हसलं, ती आता पुरावा बुडवल्यासारखी दिसायला लागली होती. मामाजींनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. हा माणूस सगळ्या जगाकडे संशयानं बघत आला, पण जग आपल्याकडे तसंच बघू शकतं हे त्याला बहुधा कधी सुचलंच नव्हतं. मामी देवळातून आलेल्या, हातात नारळ तसाच, भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मी पुढे झालो. म्हणालो, "साहेब, गावानं सकाळी काय ऐकलं ते विचारा."

शेजारची म्हातारी लगेच म्हणाली, "पयले एक. मंग लय टाइमानं दोन. धाड-धाड! श्वास घ्यायले जागा नाई मधात." दहा जणांनी माना हलवल्या.

"मग यांना दोन बार काढून दाखवायला सांगा," मी म्हणालो. "शक्य तितक्या लवकर."

वनपालानं येताना चितळाच्या अंगावरच्या दोन जागच्या जखमा पाहिल्या होत्या. तो विचारात पडला आणि हो म्हणाला. सगळा लवाजमा पडीत वावरात गेला. मामाजींनी नुसत्या दारूचा पहिला बार आभाळाकडे काढला. वनपालानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मामाजी मांडी घालून बसले. ओली चिंधी. उन्हात धरली. कोरडी चिंधी. उन्हात धरली. गर्दीतला एक जण बिडी ओढून मोकळा झाला. गार्ड उकिडवे बसले. दुसरी कोरडी चिंधी निघाली तेव्हा वनपाल म्हणाला, "काका, जरा लवकर करा ना."

मामाजींचा गज थांबला.

"असंच म्हनलं होतं मी," ते म्हणाले. वर पाहिलं नाही. "माया मोठ्या भावाले. रोही घुसले होते तुरीत. त्यानं एक बार काढला, चिंधी घेऊन राह्यला होता. मी म्हनलं, राहू दे चिंधी, लवकर कर, पयून राह्यले. त्यानं ऐकलं मायं. तशीच दारू टाकली. नळीत विस्तू होता. दिसत नाई तो, साहेब. मुंगीएवढा राह्यते." त्यांनी चिंधी उलटी केली. "उजवा डोया गेला अन् दोन बोटं. त्यानंतर बावीस वर्षं जगला. मले एका शब्दानं बोलला नाई. बोलला असता तं बरं झालं असतं."

इतक्या वर्षांत हे माझ्या बायकोनंही ऐकलं नव्हतं. ती मामींकडे बघायला लागली आणि मामींनी खाली पाहिलं. वनपालानं घड्याळावर बाही ओढली आणि तो ढेकळावर बसला. मामाजींनी सुई घातली, फुंकलं, दारू चुरली, बोळा ठासला, खूण तीनदा पाहिली. दुसरा बार झाला तेव्हा पाटलानं सांगितलं, "चौदा मिनिटं."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. वनपाल मात्र गंभीरपणे म्हणाला, "मुद्दाम सावकाश केलं नसेल कशावरून?"

मामाजींचा चेहरा एकदम उजळला. इतकी वर्षं ते शोधत होते तो माणूस त्यांना अखेर भेटला होता. "बराबर!" ते म्हणाले. "असंच पाह्यजे. माया शब्दावर जाऊ नोका. जनावर फाडून पाहा, आत काय निंगते ते." आर्वीहून जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी चितळाच्या अंगातून काडतुसाचे छर्रे काढले, आणि मामाजींचं नाव कागदावरून गेलं. मारणारे कोण ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मामाजी सहज म्हणाले, "जवाईबापू, गंजाचं झाकण तुम्ही उघडलं होतं."

मी विचारलं, "कसं कळलं?"

"पालथं ठेवलं तुम्ही."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यात काय बोलाचं? मीबी उघडलंच असतं." थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्ही उघडून पाह्यलं अन् मंग साहेबासमोर बोलले. लोकं न उघडताच बोलते." एवढं म्हणून ते उठले आणि फाटकाची कडी नीट लागली आहे का ते बघायला गेले.

आता वावराभोवती झटक्याच्या तारा आल्या आहेत. रोही लांबूनच बघून परत जातात. मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि डॉक्टर फार गोड बोलतो म्हणून ऑपरेशन लांबणीवर पडलं आहे. गेल्या महिन्यात त्यांनी निरोप पाठवला, परवान्याची मुदत संपून राह्यली, बंदूक ठाण्यात कायमची जमा कराची हाय, येजा. मी गेलो तेव्हा ते अंगणात उन्हाला बसून तिला शेवटची साफ करत होते. गज सावकाश आत गेला, सावकाश बाहेर आला. चिंधी त्यांनी सवयीनं उन्हात धरली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग हात माझ्याकडे केला.

"जवाईबापू, पांढरी हाय का? मले तं सगळंच पांढरं दिसते."

हो म्हणून टाकणं सोपं होतं. मी चिंधी घेतली, उन्हात धरली, उलटून पाहिली. "या कोपऱ्यावर थोडं काळं आहे, मामाजी."

"हाय ना?" ते म्हणाले. किती समाधानानं म्हणाले! माझ्या हातातली चिंधी त्यांनी परत घेऊन पाहिली नाही. शेजारच्या डब्यातून एक नवी काढली, आणि गज माझ्याकडे सरकवून, मला बसायला पोत्यावर जागा करून दिली.