घराचं नाक

उत्तर ध्रुवाकडच्या बॅफिन बेटावर हिवाळ्यात भरदुपारीही अंधारच. सरकारी घराच्या आतल्या खोलीत म्हातारी ऊलायू तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन बसायची आणि तिला "आई" म्हणायची. थट्टेनं नव्हे. ऊलायूच्या मेलेल्या आईचं, पिटालूसाचं नाव या पोरीला दिलं होतं, म्हणजे आईच परत आली होती. आणि अशा पोराला नाही म्हणायचं नसतं, ही तिथली रीत.

पोर तिच्या नातीची, मीकाची. पाळण्यावर भिंतीत एक जाळी होती. कपाटातली पेटी घरातली कोंदट हवा बाहेर टाकायची आणि तिचीच ऊब काढून घेऊन ताजी हवा या जाळीतून आत सोडायची. तरी झुळूक जरा गारच लागायची, आणि पेटी सतत घुरघुरायची.

"नवऱ्यासारखी कुरकुरते मेली," ऊलायू म्हणायची. "तो निदान मासे तरी आणायचा."

"आजी, तिच्या वाटेला जाऊ नकोस हं," मीका हसत बजावायची.

पण वादळ सुरू झालं आणि पोर झुळकेखाली रडायला लागली. आईला गार लागतंय, आईच सांगतेय बंद कर! ऊलायूनं कॅरिबू हरणाच्या कातड्याचा तुकडा जाळीत गच्च कोंबला आणि वरून पडदा ओढला. पोर शांत झाली. म्हातारीला धन्य वाटलं.

वादळ हटेना. ऊब जाऊ नये म्हणून खोलीचं दार लावून पाच माणसं आणि ही तान्ही आत दाटीवाटीनं झोपत होती. सगळ्यांची डोकी जड झाली. मग पोरीची छाती घरघरू लागली.

नर्स बर्फगाडीवरून कशीबशी आली, प्राणवायूची नळकांडी लावून गेली. "वारा पडल्याशिवाय इस्पितळात न्यायला विमान यायचं नाही," जाताना म्हणाली. मीकाकडे बघायचं मात्र तिनं टाळलं.

ऊलायूच्या हातावर थेंब पडला. तिनं वर पाहिलं. छत पाझरत होतं.

लहानपणी बर्फाच्या घरात असंच व्हायचं. कोंडलेल्या श्वासांच्या वाफेनं घुमट गळू लागला की आई उठायची आणि बर्फ कापायच्या सुरीनं वरचं भोक मोकळं करायची. त्या भोकाला ते नाकच म्हणतात. "दार बुजव, पण नाक कधी बुजवू नकोस," आई सांगायची. "झोपेतच जाऊ सगळे."

ऊलायू जाळीकडे धावली. तिनं पडदा फाडला, ओलं कातडं ओढून काढलं.

"हे कुणी कोंबलं?" मीका किंचाळली.

"मी गं. आई रडली ते ऐकलं, आईनं शिकवलं ते विसरले."

जाळीतून काहीच येईना. पेटीचं भिंतीबाहेरचं तोंडही बर्फानं लिंपलेलं असणार. मीकाचा नवरा जुनी सुरी घेऊन वादळात धावला. भिंतीपलीकडून खरवडल्याचा आवाज येत राहिला, थांबला, पुन्हा आला. आणि गार झुळूक आत शिरली.

ऊलायूनं पोरीला जाळीखाली धरलं. पोर रडू लागली, अगदी बारीक आवाजात, मध्येच दम घेत. बाहेर वारा तसाच होता.

"रड, आई," ऊलायू म्हणाली. "या खेपेला मी तुझं ऐकायची नाही."