मास्तरांचा उजवा स्पीकर

लोणीला लेकीकडे चार दिवस राहून आलो, तर सोसायटीच्या फळ्यावर खडूने मास्तरांचं नाव आणि त्याखाली 'दुःखद निधन'. अक्षर गचाळ होतं. मास्तर असते तर पुसून पुन्हा लिहायला लावलं असतं. समोरासमोर दारं आमची, वीस वर्षं... आणि मला कळलं ते फळ्यावर.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे, पण जगले गाण्यासाठी. बैठकीत तंबोरा केसभर उतरला तरी यांची मान हलायची थांबायची. मी चौथी पास वायरमन. या इमारतीतली प्रत्येक वायर माझ्या हातची. एकदा सोसायटीच्या सभेत मी बोलायला उठलो, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "ढवळे, बसा. हा विषय तुमच्या आवाक्यातला नाही." मी बसलो. विसरलो मात्र नाही.

त्यांचा मुलगा बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये लागला आणि त्याने बापाला म्युझिक सिस्टिम घेऊन दिली. मास्तरांनी माहितीपत्रकात रेघा मारून मला बोलावलं. "ढवळे, वायर जाड हवी. एक पदर लाल, एक काळा. दोन्ही स्पीकरना सारखीच जोडायची."

"आवाज काय पाटाने सोडायचाय मास्तर? आणि करंटला रंग नसतो. वाचणारे तुम्ही, जोडणारा मी."

माझ्याकडे बेलची पांढरी वायर उरली होती, दोन्ही पदर एकसारखे. तीच पट्टीत घालून भिंतीला ठोकली. बल्ब उलटसुलट कसाही जोडला तरी पेटतो, मग याचे काय लाड? त्याच संध्याकाळी मास्तर दारात. "गाणारा समोर बसत नाही हो. हवेत विरतो. डग्गा पोकळ लागतो. ते पदर एकदा बघता का?"

"बघितले," मी म्हणालो. बघितले नव्हते. मास्तरांनी विश्वास ठेवला.

मग रोज तीच तक्रार. शेवटी बागेतल्या बाकावर, सगळी म्हातारी मंडळी असताना, मी म्हणालो, "वायर ठीक आहे मास्तर. कान दाखवा. एक संपावर गेलाय." सगळे हसले. मास्तरही हसले, थोडे उशिरा. पुढच्या महिन्यात त्यांनी कानाचं यंत्र घेतलं. बैठकींना जाणं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता माझं मत धरू नका."

दोन वर्षांपूर्वी बुधवार पेठेत एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मी हा किस्सा हसत सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, "आजोबा, एक स्पीकर उलटा जोडला असेल तुम्ही. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोघं एकमेकांचा आवाज खातात." मी पक्कड घेऊन तडक मास्तरांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं, आत चार माणसं बसली होती. मला बघून त्यांना म्हणाले, "हे ढवळे. यांचंच खरं निघालं बरं का. माझेच कान गेले." उभ्या आयुष्यात मास्तरांनी माझं खरं मानलं ते त्या एका दिवशी. पक्कड खिशातच राहिली. चहा प्यालो आणि घरी आलो... तो चहा मला गोड लागला, हेही लिहून ठेवतो.

परवा मास्तरांच्या पत्नीने, वहिनींनी बोलावलं. सिस्टिम मुलगा घेऊन जाणार होता, वायर काढायची होती. उजव्या स्पीकरचे पदर खरंच उलटे होते. माझ्याच हाताचा पीळ, ओळखला. काढायच्या आधी सुलटे केले आणि आत होती ती सीडी लावली. गाणारा आला, तो थेट मास्तरांच्या खुर्चीसमोर बसला.

वहिनी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, आज किती छान वाजतंय! काय केलंत?"

"धूळ बसली होती. पुसली."

"यांना ऐकायला मिळायला हवं होतं," म्हणाल्या आणि कानाच्या यंत्राची डबी ॲम्प्लिफायरवरून उचलून पदराने पुसली. "हे लावूनसुद्धा शेवटपर्यंत म्हणायचे, माझंच काहीतरी चुकतंय."

सिस्टिम गेली. डबी रिकाम्या टेबलावर तिथेच आहे. दार उघडं असलं की मला माझ्या घरातून दिसते. वहिनी पेपरची ही रविवारची पुरवणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात, म्हणून इथे लिहितो. वहिनी, धूळ नव्हती.